क्रेडिट कार्डाचा चातुर्मास

आमच्या घरात धर्म जागा झाला तो बँकेच्या तिसऱ्या पत्रानंतर.

त्याआधी आम्ही चांगले सुखवस्तू पापी होतो. हे विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचे, मी घर सांभाळायची, मुग्धा आठवीत होती. कराड सोडून चंदीगडला येऊन बरीच वर्षं झाली होती. एका कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने, खालच्या मजल्यावर मालकीणबाई ग्रेवालभाभी. ते दिवसच असे होते की दुकानं रोज नवी उघडत होती आणि जुनं काही वापरायची लाज वाटत होती. अशात एक टाय लावलेला मुलगा जिना चढून आला आणि म्हणाला, "मॅडम, कार्ड बिलकुल फ्री है." आता फुकट म्हटल्यावर नको म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. घेतलं.

मग एसी आला. मग दोन दारांचा फ्रिज आला (एका दारात भाजी, दुसऱ्या दारात बर्फ आणि हवा). मग मायक्रोवेव्ह आला, त्यात मी चार महिने फक्त दूध कोमट केलं. दर महिन्याला बिल यायचं, त्यावर एका चौकोनात लिहिलेलं असायचं, किमान एवढी रक्कम भरा. मी ह्यांना म्हटलं, "बघा, किती समजूतदार माणसं. म्हणतात एवढंच द्या, बाकीचं राहू दे. आपल्या वाण्याने कधी एवढी माणुसकी दाखवली?" हे डॉक्टरेट मिळवलेले. चष्मा पुसून म्हणाले, "खरंच की."

बाकीचं राहू दिलेलं तिकडे बसून व्यालं. तिसरं पत्र आलं तेव्हा ह्यांनी ते दोनदा वाचलं, पाणी प्यायले, आणि माझ्या मनगटाकडे बघायला लागले. मनगटात माझ्या आईच्या पाटल्या.

"अगं, एक मार्ग आहे," हे म्हणाले.

"नाही."

"मी अजून बोललोसुद्धा नाही."

"तुम्ही नका बोलू. तुमचे डोळे बोलले तेवढं पुरे. मी खर्च कमी करते आणि फेडते. पाटल्यांकडे बघायचं नाही."

बराच वाद झाला. शेवटी ठरलं ते असं. कार्तिकी एकादशीपर्यंत मी काटकसर करून कार्ड फेडलं तर ठीक. नाही फिटलं, तर पाटल्या सेक्टर बाविसातल्या सराफाकडे. एकादशी ह्यांना कुठून सुचली? भिंतीवर कालनिर्णय-बिर्णय जे काही टांगलेलं होतं, त्यात दुसऱ्याच दिवशी आषाढी होती. मी ते पान बघितलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

अडचण खर्च कमी करायची नव्हतीच. अडचण होती लोकांना काय सांगायचं ही. चंदीगडात माणूस एक वेळ उपाशी राहील, पण गाडी धुतलेली पाहिजे. तिथे कामवाली काढली, केबल तोडली, गाडीवर कापड घातलं, म्हणजे सेक्टरभर बोभाटा. पण चातुर्मास! सासूबाई चातुर्मासात वांगं सोडत असत. मी एसी सोडला.

दुसऱ्या दिवशी ग्रेवालभाभी जिना चढून वर आल्या. मी गाद्या गुंडाळून फरशीवर चटया टाकत होते.

"ये क्या हो रहा है, भैणजी?"

"व्रत है, भाभीजी. हमारे महाराष्ट्र में चार महीने का होता है. ज़मीन पर सोना."

"एसी?"

"वर्जित है."

"और वो शांति? आज बर्तन मांजने नहीं आई?"

"अपने बर्तन अपने हाथ से. वो भी नियम है."

"टीवी भी नहीं?"

"टीवी तो सबसे पहले," असं म्हणून मी डोळे मिटले. मुग्धा मागे उभी होती. ती म्हणाली, "मम्मी, ये सब कौन-सी किताब में लिखा है?" तिला मी मराठीत आत पाठवलं.

भाभींनी दोन्ही हात कानांना लावले. "वाहेगुरु. इतना सख़्त व्रत तो मैंने सुना ही नहीं. आप लोग तो तपस्वी निकले जी."

ह्या एका वाक्याने आमचा पहिला तोटा झाला. इतकी वर्षं भाभींकडून दर दोन दिवसांनी काही ना काही वर यायचं. राजमा, आलूचे पराठे, लोण्याचा गोळा घातलेली लस्सी. त्या हिशेबावर तर माझी अर्धी काटकसर उभी होती. दुसऱ्या दिवसापासून ते बंद. मी जिन्यात घुटमळले, दोनदा खोकले. भाभी दारातूनच म्हणाल्या, "ना ना, मैं आपका व्रत नहीं तोड़ूँगी. पाप मुझे लगेगा." मग उपासही धरणं आलं, आणि खालून तडक्याचा वास वर येत राहिला.

दुसरा तोटा माझ्या कीर्तीने केला. भाभींनी बातमी पार्कात सांगितली. मग रोज दुपारी एकदोन बायका 'दर्शनाला' वर यायला लागल्या. फरशीवर बसायच्या, घाम पुसायच्या, बंद एसीकडे आदराने बघायच्या. आता आलेल्या बाईला चहा तर द्यायलाच हवा, आणि पंजाबी चहा म्हणजे निव्वळ दूध. घरातलं दूध दुप्पट झालं. हे म्हणाले, "तुझं वैराग्य आपल्याला परवडत नाही."

ह्यांचा स्वतःचा नेम पायी चालायचा होता (पेट्रोल). घरापासून विद्यापीठ आणि परत. पहिले काही दिवस हे मोठ्या तोऱ्यात गेले, मग त्यांचं येणं उशिरा उशिरा व्हायला लागलं. एक दिवस भाभीच त्यांना आपल्या गाडीतून घेऊन आल्या. आरोपीला आणावं तसं. ह्यांच्या मिशीला हिरवी चटणी.

"भैणजी, ये मार्केट में खड़े थे. ब्रेड पकौड़ा खा रहे थे. दूसरा."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे.

"भूक लागली होती अगं," हे पुटपुटले.

"तो अब क्या होगा?" भाभी काळजीने म्हणाल्या. "कोई प्रायश्चित्त होता है?"

संधी समोरून चालून येते ती अशी. मी म्हटलं, "होता है. व्रत ख़त्म होने तक पान बंद, सिगरेट बंद." ह्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरलेले नाही. पण दारात मालकीणबाई उभ्या. बोलतील काय?

खरं सांगते, त्या पान-सिगरेटीने आम्हाला हात दिला. दिवाळी झाली तेव्हा कर्ज उतरून शेवटच्या हप्त्याएवढं उरलं होतं. तेवढे पैसे मी पाकिटात घालून, एकादशीला भरायचे म्हणून, देवघरात गणपतीच्या मागे ठेवले होते. पाटल्या मनगटात होत्या. मी मनगट जरा वर करूनच चालायची.

आणि नेमकी त्या रविवारी वीणा कुलकर्णी आली. वीणाचे यजमान फौजेत मेजर, ती कॅन्टोन्मेंटातून महिन्यातून एकदा मराठी बोलायला म्हणून यायची. पुण्याची. शास्त्र तोंडपाठ, आणि विचारल्याशिवाय सांगायची सवय. भाभी वरच बसल्या होत्या.

"आपकी भैणजी ने तो कमाल कर दिया," भाभी तिला म्हणाल्या. "चार महीने का व्रत."

"हो का?" वीणा माझ्याकडे वळली. "मग उद्यापन कधी गं?"

 चार महिने मी जमिनीवर झोपले, भांडी घासली, नवऱ्याचं पान सोडवलं, पण व्रत सोडताना उद्यापन करावं लागतं हे साफ विसरले होते. महाराष्ट्रातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक, ते मला कराडच्या लेकीला आठवू नये!

"उद्यापन माने?" भाभींनी विचारलं.

"भोज, जी," वीणा म्हणाली. "व्रत की समाप्ति पर लोगों को खिलाते हैं. वरना व्रत का फल ही नहीं मिलता."

"कितने लोगों को?"

"जितनी श्रद्धा."

पंजाबी बाईला 'जितनी श्रद्धा' असं कधी सांगू नये. भाभींच्या डोळ्यांत मला शामियाना दिसला. "पार्क में करेंगे," त्या म्हणाल्या. "सारा ब्लॉक आएगा. हलवाई मैं बुलवा दूँगी, अपना ही है. टेंट वाला भी." वीणा मराठीत म्हणाली, "वा, किती छान माणसं आहेत गं ही." मी तिला चहात साखर घातली नाही. तेवढाच सूड.

त्या आठवड्यात मी ब्लॉकमधून चालले की बायका हात जोडून म्हणायच्या, "हम आ रहे हैं जी." आम्ही दोघं हिशेब करत बसायचो. हलवाई आणि तंबू मिळून बरोबर पाकिटातला शेवटचा हप्ता खाऊन वर ढेकर देत होते. बँकेला द्यावेत तर ब्लॉकमध्ये तोंड दाखवायची सोय नाही. ब्लॉकला जेवू घालावं तर पाटल्या गेल्या.

"सरळ सांगून टाक," हे म्हणाले.

"काय सांगू? की ज्या बाईच्या तुम्ही पाया पडलात ती फ्रिजचे पैसे फेडत होती?"

ह्यांनी सवयीने पानाचा खिसा चाचपला. तिथे पान नव्हतं.

एकादशीच्या दोन दिवस आधी सकाळी भाभी तंबूवाल्याला घेऊन वर आल्या. त्याने टेपने आमची खोलीच मोजायला घेतली, सवयीने. मग म्हणाला, "एडवांस दे दो जी, सामान आज ही लग जाएगा."

मी "अभी लाती हूँ" म्हणून आत गेले. देवघरातल्या पाकिटाला हात लावला, पण उचलवेना. ते पाकीट गेलं की पाटल्या आज ना उद्या जाणारच. मग आजच का नको, असं म्हणत मी न्हाणीघरात शिरले आणि मनगटाला साबण लावला. ओढलं. पाटली हलेना. पुन्हा साबण, पुन्हा ओढ. चार महिने उपासाच्या नावाखाली साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे खाऊन मनगट असं भरलं होतं की पाटली तिथे रुतून बसली होती. तपश्चर्येने शरीर कृश होतं म्हणतात. माझ्या तपश्चर्येने मी दोन ब्लाउज उसवले होते. रडू आलं, ते साबणाने की कशाने कोण जाणे.

दारात भाभी उभ्या. त्यांनी माझं फेसाळलेलं मनगट बघितलं. तंबूवाल्याला बाहेरूनच ओरडून खाली पाठवलं. मग बादली उलटी घालून तिच्यावर बसल्या.

"भैणजी, कार्ड का कितना बाकी है?"

 हातातून फेस गळतोय.

"तुसी अपनी घंटी का तार निकाल दिया ना? बिजली बचाने को?" त्या म्हणाल्या. "तो वो बैंक वाला लड़का किसकी घंटी बजाएगा? मेरी. सावन से आ रहा है. मैंने उसको बोल दिया, ऊपर वाले तप में बैठे हैं, तंग मत कर. लस्सी पिला के भेज देती हूँ."

"आपको पहले से पता था?" मी विचारलं. "और फिर भी पराँठे बंद कर दिए?"

"व्रत तो व्रत है जी," भाभी म्हणाल्या. मग दार लोटून आवाज खाली आणला. "अब मेरी सुनो. ग्रेवाल साहब के तीन कार्ड हैं. सामने वाली मिसेज़ चड्ढा के चार. वो जो आपके पैर छू के गई थी ना, उसकी गाड़ी, उसका सोफा, सब उधार का है. ये पूरा ब्लॉक उधार पे खड़ा है. सिर्फ़ आपने ही उतारा है. औरतें दर्शन करने नहीं आती थीं, देखने आती थीं कि उतरता कैसे है."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांच्या रेशमी सूटला साबण लागला. (तोही हप्त्यावरचाच निघाला.)

द्वादशीला उद्यापन झालं. तंबू नाही, हलवाई नाही. भाभींनी पार्कात सांगून टाकलं की ह्या व्रताचा भोज लंगरसारखा असतो, प्रत्येक घरातून एक पदार्थ. दाल आली, कढी आली, गाजराचा हलवा परातभर आला. मी गोडाचा शिरा केला. हे आदल्या सकाळी, एकादशीलाच, चालत बँकेत जाऊन शेवटचं पाकीट भरून आले आणि येताना पान खाऊन आले. वीणा यजमानांना घेऊन जेवून गेली आणि जाताना म्हणाली, शास्त्राप्रमाणे हे काही खरं उद्यापन नव्हे. पाटल्या मात्र मनगटातच राहिल्या. तशाही त्या निघण्यातल्या नव्हत्या.

पुढच्या आषाढीला आमच्या ब्लॉकमधल्या बऱ्याच बायकांनी चातुर्मास धरला. ग्रेवाल, चड्ढा, झाडून सगळ्या. नेम समजावून घ्यायला आमच्याकडेच जमल्या. भाभींनी मला मध्ये बसवलं. अनावश्यक वस्तूंचा मोह माणसाला कसा बुडवतो यावर मी तासभर बोलले. बायका भारावून ऐकत होत्या. शेवटी मिसेज़ चड्ढांनी हळूच विचारलं, "दीदी, ये सोफा नया है?"

मी म्हटलं, "हाँ जी. पर ये कार्ड पर नहीं है. ये तो बिना ब्याज की किश्तों में है."