चाइल्ड प्रोसेस आणि पांगुळगाडा

इंटरनेटवर मला कोणीही शोधत नाही, ही गोष्ट माझ्या मुलाने मला पुराव्यासह दाखवून दिली.

साल दोन हजार सहा-सातचं असेल. माझी बायको सुधा जाऊन वर्ष झालं होतं. मी रत्नागिरीच्या एका शाळेतून इंग्रजीचा मास्तर म्हणून निवृत्त झालेलो, घरात एकटा. मुलगा निखिल बंगलोरला सॉफ्टवेअरमध्ये. वर्षश्राद्धाला आला तेव्हा तो स्वतःचा जुना कॉम्प्युटर घेऊन आला, टेलिफोनच्या वायरीला जोडला आणि शोधायच्या साइटवर नवीन काय काय आलंय ते मला दाखवायला बसला. त्यात एक मजा होती. कुठलाही शब्द टाका, लोक तो कधी आणि कुठल्या शहरात जास्त शोधतात, याचा आलेख निघायचा. 'अल्फान्सो' टाकलं तर रेघ एप्रिल-मेमध्ये चढायची आणि पावसाळ्यात आडवी व्हायची (हे मी बाजारात उभा राहून फुकट सांगितलं असतं). मग हौसेने मी माझं स्वतःचं नाव टाकायला लावलं. उत्तर आलं की आलेख काढण्याइतके शोध या नावाचे झालेले नाहीत. निखिल म्हणाला, मनाला लावून घेऊ नका बाबा, कोणाचाच निघत नाही. मग त्याने त्याच्या एका मित्राचं नाव टाकलं आणि नेमका त्याचा निघाला. मित्राचं नाव एका क्रिकेटपटूशी जुळत होतं, पण माझा दिवस गेला तो गेलाच.

दुसरी सोय मात्र मला मनापासून आवडली. तिला अलर्ट म्हणत. एखादा शब्द नोंदवून ठेवायचा. तो जगात कुठल्याही नव्या पानावर उगवला की आपल्याला ई-मेल येणार. निखिलने माझ्यासाठी आंब्याचा अलर्ट लावून दिला, दोन दिवस राहिला आणि गेला.

त्याला गाडीवर सोडून आलो, कॉम्प्युटरसमोर बसलो आणि आंब्याच्या खाली दुसरा शब्द नोंदवला. निखिलचं पूर्ण नाव.

याचं कारण सांगायला हवं. सुधा होती तोवर निखिलची खबर मला घरबसल्या मिळत असे. ती त्याच्याशी फोनवर पाऊणपाऊण तास बोलायची. काय जेवला, मुग्धाचं, म्हणजे सूनबाईंचं, काय चाललंय, साहेब कसा आहे, सगळं. शेवटी फोन माझ्याकडे यायचा. मी म्हणायचो, "काय, बरं ना?" तो म्हणायचा, "हो. तुम्ही?" मी म्हणायचो, "बरं आहे. ठेवतो." सुधा गेल्यावर आमच्या फोनमधला तिचा भाग गेला आणि हा तेवढा शिल्लक राहिला.

अलर्टने मात्र लगेच काम सुरू केलं. पहिल्याच आठवड्यात मेल आलं. कॉम्प्युटरवाली मंडळी एकमेकांना अडचणी विचारतात अशा एका फोरमवर निखिलने काहीतरी लिहिलं होतं. मी उघडून वाचलं. इंग्रजी स्वच्छ होतं (शिकवलं कोणी?). त्याने लिहिलं होतं की आमची चाइल्ड प्रोसेस फार वेळ घेते आहे आणि पेरेंट नुसता वाट बघत बसतो, काय करावं?

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. चाइल्ड म्हणजे मूल. प्रोसेस म्हणजे प्रक्रिया. पेरेंट म्हणजे पालक. व्याकरणाने वाक्य सोडवायला मी आयुष्यभर शिकवलं होतं, इथे सोडवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. निखिल आणि मुग्धाच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. सुधाला त्याची रुखरुख होती, पण आमच्या घरात हा विषय कोणी काढत नसे. आणि हा पोरगा ते सगळं जगाला विचारत होता. बापाला सोडून.

पुढचं मेल दोन दिवसांनी आलं आणि उरलीसुरली शंका मिटली. आता त्यात 'ऑर्फन' शब्द होता. ऑर्फन म्हणजे अनाथ. म्हणजे मूल दत्तक घेणं चाललं होतं! ऑर्फन प्रोसेसचं पुढे काय होतं, असं निखिलने विचारलं होतं आणि कोणा परदेशी गृहस्थाने धीर दिला होता की काळजी करू नका, प्रत्येक ऑर्फनला शेवटी इनिट दत्तक घेतो. 'अडॉप्ट' हाच शब्द, स्पष्ट. हा इनिट कोण ते कळेना. नाव गुजराती वाटलं. पण एकच माणूस सगळी मुलं दत्तक घेत सुटला तर आमच्या निखिलच्या वाट्याला काय येणार, या विचाराने मला जेवण गेलं नाही.

त्या रविवारी मी स्वतः फोन केला. थेट विचारायचं नाही, त्याने सांगितलं तर ऐकायचं, असं ठरवलं होतं.

"प्रोसेस कशी चाललीय?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

निखिल चमकला. बापाने कधी कामाचं विचारलं नव्हतं. मग म्हणाला, "अडकलीय हो बाबा. कुठे अडकते तेच कळत नाही. मुग्धा पण वैतागलीय."

"वैतागणारच. तिला जप. वरच्या लोकांना भेटलास?"

"भेटलो. ते म्हणतात, वाट बघा."

"माझी काही मदत?"

तो हसला. "तुमची काय मदत होणार यात, बाबा?"

बरं, ठेवतो, असं म्हणून मी ठेवला. ओटीवर येऊन बसलो. समोरच्या घरात दिवा लागला, माझ्याकडचा लावायचं मला सुचलं नाही.

त्यानंतर मी जे केलं ते माझ्या वयाच्या माणसाने करू नये. मी त्या फोरमवर टोपणनावाने नोंदणी केली आणि उत्तर लिहिलं. अत्यंत शुद्ध, घोटीव इंग्रजी. आशय असा की, महाशय, प्रक्रियेला कितीही वेळ लागो, अनाथाला टाकू नये, आजोबा वाट बघायला तयार आहेत. एका अमेरिकन माणसाने आधीच सल्ला देऊन ठेवला होता की सगळ्यांना मारून टाका आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. त्यालाही मी दोन ओळींत योग्य शब्दांत सुनावलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं होतं. कोणीतरी सौजन्याने समजावून सांगितलं होतं की आजोबाला नातवासाठी थांबता येत नाही. तशी सोयच नाही. नातू झाला, गेला, काहीही झालं तरी खबर फक्त बापाला मिळते. आजोबाला तो आहे हेसुद्धा माहीत नसतं.

परक्या देशातल्या माणसाला आमच्या घरातलं इतकं कसं कळलं, याचंच मला नवल वाटलं.

मी कुसुमवहिनींकडे गेलो. त्या शेजारच्या, सुधाच्या जिवाभावाच्या मैत्रीण. त्यांना सगळं सांगितलं आणि कोणापाशी बोलू नका म्हटलं. त्यांनी डोळ्यांना पदर लावला, शपथ घेतली आणि संध्याकाळपर्यंत भजनी मंडळातल्या सगळ्या बायकांना सांगून टाकलं. माणसं दारात येऊ लागली. मी सांगतो, सुधाच्या दिवसांनंतर माझ्या ओटीवर एवढ्या चपला पहिल्यांदाच दिसल्या. कोणी दुपटी आणली, कोणी टोपडी, कोणी बाळगुटीसाठी वेखंड-जायफळ आणि ते उगाळायला दगडी सहाण. मूल तान्हंच असेल कशावरून, अशी शंका एकीने काढली, म्हणून थोरल्या मापाचे दोन फ्रॉक आले. मुलगा असला तर, म्हणून दोन चड्ड्या आल्या. आणि कुसुमवहिनींनी माळ्यावरून त्यांच्या मुलांचा पांगुळगाडा काढला, फणसाच्या लाकडाचा, नवं चाक बसवून घेतला आणि माझ्या पुढ्यात ठेवला.

"भाऊजी, तुमी जावा," त्या म्हणाल्या. "पोरां सांगणार नाहीत. सुधा असती तर एव्हाना पोचली असती."

मी कोल्हापूरच्या एसटीत बसलो. आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर पांगुळगाडा सीटखालून निघून कंडक्टरच्या दिशेने चालू लागे. तिसऱ्यांदा त्याच्या पायाशी गेल्यावर त्याने विचारलं, नातवाचा का? मी हो म्हटलं. मग त्याने तो स्वतःच्या सीटला बांधून ठेवला आणि घाट संपेपर्यंत स्वतःच्या मुलीच्या गोष्टी सांगितल्या. कोल्हापुराहून बंगलोरची बस घेतली आणि सकाळी निखिलच्या दारात उभा राहिलो. एका हातात सहाण बांधलेली पिशवी, दुसऱ्या हातात गाडा, खांद्यावर दुपट्यांचं गाठोडं. दार मुग्धाने उघडलं. तिला वाटलं, मी कायमचा राहायला आलो. तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही, हा तिचा मोठेपणा.

चहा होईपर्यंत मला धीर धरवला नाही. मी गाठोडं सोडलं, सगळं सतरंजीवर मांडलं आणि निखिलला म्हटलं, मला सगळं माहीत आहे, तो इनिट कोणी का असेना, आपण मागे हटायचं नाही.

निखिलने माझ्याकडे पाहिलं, दुपट्यांकडे पाहिलं. पाच मिनिटं त्याने मला प्रश्न विचारले आणि मग तो जो हसत सुटला तो खुर्चीतून खाली बसला. डोळे पुसत पुसत त्याने समजावलं. कॉम्प्युटरमध्ये एक काम दुसऱ्या कामाला जन्म देतं, त्याला चाइल्ड प्रोसेस म्हणतात. जन्म देणारं काम आधी संपलं तर मागे राहिलेलं ते ऑर्फन. आणि इनिट हा गुजराती नाही, माणूसच नाही, तो एक प्रोग्राम आहे. फोरमवर कोणी म्हातारा अनाथांविषयी लिहितोय म्हणून ऑफिसात दोन दिवस सगळे हसत होते, तो म्हातारा आपला आहे हे त्याला त्या क्षणी कळलं.

मीही हसलो. न हसून सांगतो कोणाला? पण हसता हसता लक्ष गेलं तर मुग्धा तिथे नव्हती. आतल्या खोलीचं दार लागलेलं. निखिलचं हसू थांबलं. सतरंजीवर ती इवलीशी टोपडी मांडलेली आणि आम्ही दोघं बाप-लेक त्यांच्याकडे बघत बसलेलो. काय केलं मी हे, असं मला झालं. गुपचूप सगळं आवरून परतीची बस धरावी म्हणून टोपडी गोळा करायला लागलो, तर दार उघडून मुग्धा बाहेर आली. तोंड धुतलेलं होतं. ती माझ्यासमोर खाली बसली.

"बाबा, तुम्ही हे एवढं घेऊन आलात," ती म्हणाली. "मूल अनाथ आहे असं समजून?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला चाललं असतं?"

मला प्रश्नच कळेना. "चालायचं काय त्यात?" मी म्हटलं. "मी बसमध्ये बसून आलो की."

निखिल खिडकीतून बाहेर बघत होता. मग हळूहळू एकेक निघालं. दोघांनी तो विचार केला होता. एका संस्थेत जाऊनही आले होते. आई आजारी पडली तेव्हा राहून गेलं आणि ती गेल्यावर मला विचारायचं धाडस निखिलला झालं नाही. मी काय म्हणेन कळत नव्हतं, असं म्हणाला. तीस सेकंदांच्या फोनमध्ये कुठे घालायचं ते, असं तो म्हणाला नाही, पण मला ऐकू आलं.

मी आठ-दहा दिवस राहिलो. निघताना आपण आणलेलं आपण न्यावं म्हणून गाठोडं शोधलं, तर मुग्धाने सगळं धुऊन, घड्या घालून कपाटात ठेवलेलं. म्हणाली, असू दे. सहाणसुद्धा परत दिली नाही. इकडे आल्यावर कुसुमवहिनींना खरं काय ते सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणजे वेळ आहे अजून, स्वेटर विणून होईल.

झाला. खऱ्या प्रक्रियेला कॉम्प्युटरपेक्षा पुष्कळच जास्त वेळ लागला, पण ईरा घरी आली तेव्हा थोरल्या मापाचा फ्रॉकच तिला बसला. आता निखिलचा फोन आठवड्यातून तीनदा येतो आणि लवकर ठेवला जात नाही. परवा मागे ईराचा आकांत चालला होता. त्याने अगदी काकुळतीने विचारलं, "बाबा, मी असा रडायला लागलो की तुम्ही काय करायचात?"

मुलाने इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी खुर्ची सरसावली. मुलाला कसं घ्यावं, पाठीवर कसं थोपटावं, आवाज कसा ठेवावा, याचं मी पंधरा-वीस मिनिटं सविस्तर मार्गदर्शन केलं. त्याने मध्ये दोनदा हूं म्हटलं, लिहूनही घेत असावा. फोन ठेवला आणि मग मला आठवलं. निखिल रडायला लागला की मी चपला घालून भाट्याच्या पुलावर फिरायला जात असे, आणि तो झोपला असेल अशा अंदाजाने परत येत असे.