एक बाजू कच्ची

टुणटुण चाचा गावात शिरले की आधी त्यांचा खोकला यायचा, मग पिंजणाच्या तारेचा टुण्ण आवाज, आणि सगळ्यात शेवटी चाचा. खांद्यावर माणसाहून लांब पिंजण, कानात अत्तराचा फाया. दाढी मेंदीने लाल केलेली. पण दिवसभर लोकांच्या गाद्या उसवून जुना कापूस पिंजायचा, म्हणून संध्याकाळपर्यंत ती पांढरीफेक. "आजबी मेंदी फुकट गेली," असं रोज हळहळायचे आणि आठवड्याच्या बाजारातून पुन्हा मेंदीच आणायचे.

दारव्ह्याला मोटार स्टँडमागे आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या आणि समोरच चाचांचं घर. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांना आम्ही जीपमध्ये कोंबून यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचो, गोळ्या चुकत नाहीत ना ते बघायचो, नातेवाइकांशी भांडायचो. भांडणाचं खातं माझ्याकडे होतं. पत्रकंही मीच लिहायचे. कापसाचे भाव कोसळलेली, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं. जिल्ह्यात रोज कुणी ना कुणी कॅमेरा घेऊन यायचं, मंत्री यायचे, हात जोडून जायचे. आमच्या मुलांचे आईबाप मात्र पंचनाम्याशिवाय, बातमीशिवाय मेले. ती मरणं जिल्ह्याची नव्हती का? मी तसं छापलंही होतं. चाचांना वाचता येत नसे, पण पत्रक हातात घेऊन ते निरखून बघत. "पर्चेवाली, हे उभी काडी आन् खाली टिंब, काय हाय?"

"उद्गारचिन्ह."

"इतके काहून? दाभण टोचून राह्यली का लोकाईले?"

"टोचलंच पाहिजे, चाचा."

"टोच. पन मागून धागा बी आन वं."

आमच्याकडे आलेली निम्मी मुलं चाचांनी शोधलेली. गावं पिंजून काढणं हा शब्द आम्ही कार्यकर्ते उगाच वापरतो. चाचा खरोखरच गावं पिंजायचे. गादीवाल्याला थेट आतल्या खोलीपर्यंत वाट असते. घरात कुणाचं अंथरूण कुठे पडतं ते त्याला दिसतं. चाचा परत आले की हळूच खिडकीशी यायचे आणि म्हणायचे, "त्या गावात एक लेकरू गोठ्यात झोपून राह्यलं." यापुढे एक शब्द नाही. आजार काय, कुणाचा, हे त्यांनी ना कधी विचारलं, ना कुणाला सांगितलं. एरवी हा माणूस सगळ्या बाजाराच्या बातम्या तिखटमीठ लावून सांगणारा!

संत मात्र नव्हते. एकदा कुठल्याशा हकिमाचं माजून, म्हणजे ताकदीचं चाटण, घेऊन आले. "गोळ्या बंद कर, हे चाटव." मी आकाशपाताळ एक केलं. गोळी एक दिवस चुकली तरी काय होतं ते ओरडून सांगितलं. चाचा इतके चिडले की ते माजून मुलांसमोर स्वतःच चाटून संपवलं. पुढचे दिवस त्यांचे परसाकडे जाण्यात गेले. मुलं खिडकीतून विचारायची, "चाचा, ताकद आली का?" त्यानंतर गोळ्यांची आठवण करून द्यायला सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच.

धंद्यातही लबाड. नव्या गादीची एक बाजू ते मुद्दाम कच्च्या शिलाईने बंद करत; म्हणजे ती उसवली की पुन्हा बोलावणं येणार. मी म्हटलं, ही फसवणूक आहे. म्हणाले, "लोकं आता फोम घेऊन राह्यले. कापसाच्या मुलखात फोमवर झोपते, ते फसवनूक नाई? मले एक बाजू तर उघडी ठेवू दे."

एका गावातल्या मुलीचं खरं नाव मी पत्रकात कधी लिहिलं नाही, इथेही लिहिणार नाही. चाचा तिला सरकी म्हणायचे, कारण ती कुणाला दबत नसे. "रूई दबते, सरकी दातात अडकते." सरकीचा बाप आधी गेला, मग आई. काकूने जावेची शेवटपर्यंत सेवा केली, पण तिला मूठमाती दिल्यावर काकूला भीतीने घेरलं. सरकीचं अंथरूण गोठ्याच्या पडवीत गेलं, पोत्यावर. आईची गादी उकिरड्याशी जाळायला काढली. चाचांचा निरोप आला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले.

मी माझं काम केलं. शेजारी झोपून, एका ताटात जेवून हा आजार होत नाही, हे सांगितलं. मग तुम्ही करता तो अन्याय आहे हेही सांगितलं. मोठ्याने. मला आजही वाटतं, ते सांगायलाच हवं होतं. काकू रडत म्हणाली, "समजते मले बाई. पन माह्यं बबलू लहान हाये. दोन मरनं पाह्यली म्या या घरात."

तेवढ्यात अंगणातून टुण्ण आवाज आला. चाचांनी ती गादी फाडून पिंजायला घेतली होती.

"अवो चाचा! त्याले कायले हात लावता? रोग हाये त्याच्यात!"

"असंल तर माह्या नाकात गेला," तारेवर ठोका घालत चाचा म्हणाले. "साऱ्या तालुक्याच्या गाद्या याच नाकातून गेल्या."

कापूस उधळला. काकूच्या केसांवर बसला, भिंतीआडून बघणाऱ्या बायांच्या पदरांवर बसला, बबलू तर नाचतच त्यात घुसला. चाचा खोकत हसले. "झालं! बसली रूई सगळ्याईच्या डोक्यावर. आता कोन कोनाले गोठ्यात टाकता, सांगा!"

बाया हसल्या. काकू हसली नाही. कापसाचा ढीग झाल्यावर चाचांनी खोळ पसरून विचारलं, "माप सांग, बेटी. दोन पोराईचं, का एकीचं?"

काकूने बबलूला जवळ ओढून त्याच्या केसांतला कापूस झटकला. मग म्हणाली, "एकीचंच."

मी उसळले. चाचांनी हातानेच मला थांबवलं आणि एकीची गादी भरली. "इची एक बाजू कच्ची ठेवतो," ते काकूला म्हणाले. "थंडीत येईन. तवा वाटलं तर रुंद करू." सरकी गादी उचलून पडवीकडे गेली. मी परतीच्या जीपमध्ये चाचांशी बोलले नाही.

थंडीत चाचा सरकीच्या गावी गेले नाहीत. छातीत साठलेल्या कापसाने त्याआधीच त्यांना नेलं. डॉक्टर दमा म्हणाले. जिल्ह्याचं पांढरं सोनं श्वासातून ओढून मेलेल्या माणसाची कुठल्या सरकारदरबारी नोंद नाही. त्यांची माती झाली त्या दिवशी आमच्या मुलांनी गोळ्या न सांगता घेतल्या.

मग थंडी सरताना मीच एकटी त्या गावी गेले. पडवीत बैल होता. पोतं नव्हतं. आत गेले तर मधल्या खोलीत एकच रुंद गादी पसरलेली. नीट पाहिलं तर त्या दोन होत्या. सरकीच्या गादीची कच्ची बाजू उसवून बबलूची गादी तिला जोडलेली, लाल दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी.

"थंडी लय होती," काकू माझ्याकडे न बघता म्हणाली. "वाट पाह्यली चाचाची. आलेच नाई. मंग मीच शिवलं."

चाचा गेल्याचं मी सांगितलं. ती त्या टाक्यांवरून हात फिरवत राहिली. "आता हे पक्की कोन करून देईन वं बाई?"

कोपऱ्यातून सरकी म्हणाली, "पक्कीच हाये. मी रोज ओढून पाह्यते."