डब्यावरचं नाव

सुरेखा ओव्हाळचे हात चाळीस हजार लोकांनी पाहिले होते. तोंड मात्र एकानेही पाहिलं नव्हतं.

हिरवे रबरी हातमोजे, मागे पांढरी चादर, समोर काळ्या कुंड्या. आवाज नाही. सांगायचं ते खाली इंग्रजी अक्षरांत. घरच्या घरी गांजाचं रोप कसं जगवायचं, हे ती आठवड्याला एक व्हिडिओ टाकून शिकवायची. न्यूझीलंडच्या कायद्यात त्याला तुरुंग होता, हे तिला पक्कं माहीत होतं. आवाज द्यायचा नाही, कारण पेनरोजच्या ज्या रंगाच्या कारखान्यात ती माल तपासायची, तिथे तिची हाक शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. हातमोजे घालायचे, कारण मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं.

नवरा, रवींद्र, तीन वर्षांपूर्वी गेला होता. दोघं २०११मध्ये पिंपरीहून आले. तो यंत्रांवरचा कसबी कामगार, ती बीएस्सी. २०१४मध्ये त्याचा कॅन्सर हाडांत उतरला. दवाखान्याच्या गोळ्यांनी तो नुसता गुंगायचा, कळ काही जायची नाही. कारखान्यातल्या एका माओरी बाईने एक दिवस न विचारता सुरेखाच्या पिशवीत घरी केलेल्या मलमाची बरणी टाकली. कशाचं ते सुरेखाने वासावरून ओळखलं आणि बरणी घरी नेली. त्या आठवड्यात रवींद्र दोन महिन्यांनी पहिल्यांदा टेबलावर बसून जेवला. वरणात लिंबू कमी आहे म्हणाला. लिंबू पिळता पिळता सुरेखा रडली.

बरणी संपली. मग ती माल विकणाऱ्यांच्या दारात गेली. गल्लीत सगळ्यांना माहीत असतं असं एक घर. दारावर कुत्रा, आत त्याहून वाईट माणसं. तिने शिव्या ऐकल्या, मराठीत परत केल्या, आणि घरी येताना ठरवलं, पुन्हा ही पायरी चढायची नाही. कुणी शिकवायला नव्हतं. लायब्ररीतली बागकामाची पुस्तकं आणली, इंटरनेट उपसलं, अकरा रोपं मारली. बारावं जगलं. रवींद्र त्यानंतर सात महिने होता.

तो गेल्यावर रोपं उपटून टाकायची, तर हिचं डोकं फिरलं. आपण पुस्तक वाचून शिकलो. ज्याला वाचता येत नाही, उठता येत नाही, त्याने त्या कुत्र्याच्या दारात जायचं? म्हणून चॅनेल. नाव ठेवलं ‘बारावं रोप’, तेही इंग्रजीत. तिने एक पान कधी विकलं नाही. गंमत म्हणून विचारणाऱ्या पोरांना ती लिहायची, “तुझ्या हाडांत कळ येते का? नाही? मग अभ्यासाला बस.” आजाऱ्यांना मात्र चार-चार पानी उत्तरं.

सावधपणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. व्हिडिओ टाकण्याआधी प्रत्येक चित्र थांबवून बघायची. खिडकीतून शेजारचं छप्पर दिसतंय का, कुरिअरच्या खोक्यावर पत्ता आहे का, स्टीलच्या बादलीत आपला चेहरा उमटलाय का. फ्लॅट बुशमधल्या तिच्या घरी गॅरेजला दोन कुलपं होती, आणि मुलगी श्रद्धा युनिव्हर्सिटीतून मैत्रिणी आणायची तेव्हा तिसरं. एवढं करून बाई फसली, ती स्वयंपाकघरात.

२०१८च्या ऑगस्टमधला शनिवार. बाहेर पाऊस आडवा येत होता. श्रद्धा फोन घेऊन आली. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत.

“आई, लुक. मंडळाच्या ग्रुपवर.”

ऑकलंडच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी मोरेश्वरराव. रिटायर झाल्यापासून त्यांना विनोदाचा आजार जडला होता. त्यांनी एका व्हिडिओचं एक चित्र टाकलं होतं: हिरवा हातमोजा, मातीने भरलेला स्टीलचा छोटा डबा, आणि डब्याच्या पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेलं, ‘चि. सौ. कां. स्नेहलता. आत्याकडून. २-५-९९.’ खाली मोरेश्वररावांनी लिहिलं होतं, ‘ओळखा पाहू! आत्याचा आहेर कुठे पोचला!’ आणि हसून लोळणारे सहा चेहरे.

सुरेखाने चित्र मोठं केलं. पुन्हा मोठं केलं. तिच्या घरात प्रत्येक भांड्यावर नाव होतं. आईचं, सासूचं, बुद्धविहाराचं, कधीच न भेटलेल्या कुणा मामाचं. चाळीस वर्षं ती नावं घासत आली होती. भांड्यावरचं नाव तिच्या डोळ्याला अक्षर वाटतच नव्हतं. भांड्याची कातडी वाटायची. इंग्रजीचं एक अक्षर तिच्या नजरेतून सुटलं नसतं. हे सुटलं.

पुण्यात हजार स्नेहलता निघतील. ऑकलंडच्या मंडळात एकच होती. आणि ती एका मोठ्या हॉस्पिटलच्या औषध विभागात फार्मसिस्ट होती.

डबा सुरेखाकडे आला, तो आदल्या दिवाळीत, चिवडा भरून. मंडळात तिला सहा दिवाळ्या झाल्या होत्या, आणि तिच्या लक्षात सगळं राहायचं. ओव्हाळांच्या घरून आलेल्या भाजीचं झाकण सगळ्यात शेवटी निघतं. कुणाचा त्या दिवशी नेमका उपास असतो, कुणाचं पोट भरलेलं असतं. आणि तिच्याकडे फराळ यायचा तो आइस्क्रीमच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या डब्यांतून, म्हणजे डबा परत नको. कुणी तोंडाने काही बोलत नाही. परदेशात बोलत नाहीत, डबा बदलतात.

स्टीलचा डबा पाठवला एकट्या स्नेहलताने. म्हणजे तो परत जायला हवा. आणि रिकामा डबा कुणी परत करतं का? सुरेखाला काहीतरी चांगलं करून भरायचं होतं. रविवारी करू, पुढच्या रविवारी करू. ओव्हरटाइम लागला. डबा ओट्यावरून गॅरेजच्या वाटेवरच्या फळीवर गेला आणि जानेवारीत एकदा, हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून, मातीत गेला. व्हिडिओत दिसला तो दोनच सेकंद.

सोमवारी मोरेश्वररावांचा फोन आला. आवाजातला विनोद पार उतरला होता.

“सुरेखाताई, फार वाईट झालं हो. कुणीतरी ते चित्र भाषांतरासकट हॉस्पिटलला पाठवलं. स्नेहलताला घरी बसवलंय. अहो, औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या असतात तिच्याकडे! मी आपली गंमत केली...”

“तुमच्या गमतीला आग लागो,” सुरेखा म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने हिशेब मांडला, गल्लीत वाढलेल्या माणसासारखा. पुढच्या महिन्यात तिच्या नागरिकत्वाचा समारंभ होता, पत्र फ्रिजवर लावलेलं होतं. कारखान्याला कळलं तर नोकरी गेली. पोलिसांना कळलं तर कोर्ट. फुकट सल्ला देणाऱ्या एका कम्युनिटी केंद्रातल्या वकिलाला तिने “माझी एक मैत्रीण आहे” म्हणून विचारलं. तो म्हणाला, “मैत्रिणीला सांगा, काही कबूल करू नका आणि कशावरही सही करू नका.” हा सल्ला तिलाही सुचला असता. डबा चेपून कचऱ्यात टाकायचा, चॅनेल पुसायचं, रोपं उपटायची. एका दुपारचं काम. ती गॅरेजमध्ये गेली, कुलूप काढलं, उभी राहिली, कुलूप लावून परत आली. रस्त्यावर गाडी हळू झाली की पडद्यामागे जायची. श्रद्धा एकदाच बोलली, “आई, शी कुड लूज एव्हरीथिंग.” सुरेखा खेकसली, “आणि मी? मी काय पिकनिकला जाणारेय?”

गुरुवारी संध्याकाळी दारावर स्नेहलता उभी होती. छत्री नाही. केस चपटे झालेले.

“आत ये.”

“चपला ओल्या आहेत,” ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच थांबली. “ताई, डबा तुमच्याकडे आहे ना?”

“चिवड्याचा?”

“तोच.”

“असेल.”

“असेल नाही. आहे. मी सतरा घरी फराळ दिला. सोळा घरी प्लॅस्टिकमध्ये. स्टीलचा एकच दिला.”

सुरेखाच्या जिभेवर थाप तयार होती. तीन दिवस घोळवून गुळगुळीत केलेली. “हे बघ, मंडळाच्या पार्टीत हरवला म्हण. तिथे दोनशे माणसं होती. कोण शोधतंय?”

“मी आधीच खोटं बोललेय.” स्नेहलताचा आवाज बारीक झाला. “कुणाला दिला ते आठवत नाही, असं लेखी दिलं. उद्या अकराला शेवटची मीटिंग. नाव नाही दिलं तर प्रकरण फार्मसी कौन्सिलकडे जाणार. मग रजिस्ट्रेशन गेलं. वीस वर्षं, ताई. दोन देशांच्या परीक्षा.”

“मग द्यायचं होतंस नाव!” सुरेखा भडकली. “कुणी सांगितलं होतं माझ्यावर उपकार करायला? मी कुणाचे उपकार घेत नाही!”

“उपकार?” आता स्नेहलताही भडकली, सहा वर्षांत सुरेखाने तिचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. “मी नाव घेतलं असतं की ग्रुपवर काय आलं असतं, ठाऊक नाही तुम्हाला? ‘बघा, आम्ही म्हणतच होतो. अशा घरी डबे कशाला पाठवायचे.’ हे म्हणायला टपलेत चार जण. त्यांना ते माझ्या तोंडून मिळायला नको होतं! बस! त्यात तुमचं काही नाही, माझी खाज आहे ती!”

पागोळ्यांचं पाणी स्नेहलताच्या खांद्यावर गळत होतं.

“मीटिंग कुठे आहे?” सुरेखाने विचारलं.

“कशाला?”

“पत्ता सांग.”

शुक्रवारी सकाळी मोटरवेवर सगळं ठप्प होतं. पेनरोजच्या फाट्यावर सवयीने तिचा हात इंडिकेटरकडे गेला. डावीकडे वळलं की कारखाना, कार्ड दाखवायचं, पांढरा कोट चढवायचा, आणि कुणाला काही कळलं नसतं. मागच्याने हॉर्न दिला. ती सरळ गेली.

खोलीत तिघं होते. एचआरची बाई, एक टायवाला, एक टिपणं घेणारी. समोर स्नेहलता, हात मांडीवर. सुरेखा निळ्या स्वेटरमध्ये आत आली आणि बसायच्या आत इंग्रजीत म्हणाली, “ते हात माझे आहेत.”

टायवाल्याने तिला वरून खाली पाहिलं. पाच फुटांची, चष्म्याला दोरी लावलेली बाई. स्नेहलताने स्वतःला वाचवायला कुणीतरी मावशी पकडून आणलीय, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होतं. “मॅडम, हे फार गंभीर आहे. तुमच्याकडे काही पुरावा आहे?”

ही गोष्ट तिच्या डोक्यातच आली नव्हती. तुरुंगात जायला निघालेल्या माणसाला दारात तिकीट विचारतील असं कोणाला वाटेल? तिला राग आला, आणि राग आला की तिला सुचायचं.

“तो कॉम्प्युटर इकडे करा. आणि तिकडे बघा सगळे, मी पासवर्ड टाकतेय.”

तिघांनी खरंच माना फिरवल्या. ‘बारावं रोप’ आतून उघडलं. तिने खाली एक ओळ टाइप केली: ‘डबा उसना होता. ज्यांचं नाव त्यावर आहे, त्यांना यातलं काही माहीत नाही.’ मग टायवाल्याला म्हणाली, “आता तुमच्या फोनवर चॅनेल उघडा.”

त्याने उघडलं. वाचलं. फोन एचआरच्या बाईकडे सरकवला.

“तुम्हाला हे कळतंय ना,” ती बाई हळू म्हणाली, “की आम्हाला पोलिसांना कळवावं लागेल? तुम्ही लेखी जबाब द्यायला तयार आहात?”

“आहे. पण आधी हिचं पत्र.” सुरेखाने स्नेहलताकडे बोट केलं. “हिच्यावर आरोप नाही, सोमवारपासून कामावर. हॉस्पिटलच्या कागदावर, सहीशिक्क्याचं. ते हिच्या हातात पडलं की मी सही करते.”

“याची एक पद्धत असते. काही दिवस लागतात...”

“हिला घरी बसवायला एक ईमेल लागला,” सुरेखा म्हणाली. “मला घाई नाही. मी बसते.”

आणि ती बसली. बाई बाहेर गेली, फोन केले, आत आली, पुन्हा बाहेर गेली. पन्नास मिनिटं. टायवाल्याने पाणी विचारलं, सुरेखा नको म्हणाली. पत्र आलं. स्नेहलताने ते वाचलं, मग सुरेखाने ओढून घेतलं आणि चष्मा लावून दोनदा वाचलं. “हे ‘तूर्तास’ काढा,” ती म्हणाली. बाईने टायवाल्याकडे पाहिलं. पत्र परत छापून आलं.

मग सुरेखाने जबाबावर सही केली. पूर्ण नाव, मधे रवींद्र.

“पोलीस इकडे येणार, का मी जाऊ?” तिने विचारलं. “म्हणजे, माझी गाडी दोन तासांच्या पार्किंगमध्ये आहे.”

टिपणं घेणारीला हसू फुटलं, तिने ते दाबलं. बाई म्हणाली की इथेच थांबलात तर बरं.

स्नेहलताने पत्राची घडी घालून पर्समध्ये ठेवली. आता जायला ती मोकळी होती. दार तिच्या बाजूलाच होतं. तिने सुरेखापुढे हात पसरला.

“किल्ली द्या,” ती म्हणाली. “मी दुसरीकडे लावून येते.”