बोटीत भरलेलं पाणी

माझा नवरा गेला तेव्हा आमच्या के. आर. पुरमच्या घरामागे एक जुनी लाकडी मोटरबोट उलटी पडलेली होती. कावेरीवरच्या एका धरणाच्या फुगवट्याकाठी ती त्याला दिसली, आवडली, आणि एका रविवारी टेंपोत घालून त्याने ती आणलीच. आमच्या दोन्ही घरांत त्याआधी कुणी होडीत पायही ठेवलेला नव्हता. तो निपाणीकडचा, मी बेळगावची. पोहता दोघांनाही येत नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्याच फुगवट्यावर आपण हिच्यात बसून वाचत राहू, असं तो म्हणायचा. मागे अडकवायची मोटर त्याने दुरुस्त करून घेतली होती. पाण्याच्या पिंपात बुडवून ती सुरू केली, तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली. बोटीचं लाकूडकाम तेवढं राहिलं.

घरात मी आणि त्याचे वडील उरलो. अप्पांशी माझं कधी वाकडं नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. जे बोलायचं ते त्याच्यामार्फत. 'अप्पांना विचार, भाकरी की चपाती,' असं मी त्याला सांगायची आणि अप्पा समोरच बसलेले असायचे. तो गेल्यावर आमच्यातला हा मधला माणूसच नाहीसा झाला. कित्येक दिवस मी काही न विचारता भाकरीच करत राहिले आणि ते काही न बोलता जेवत राहिले.

वर्षश्राद्धाला माझा दीर बेळगावहून आला आणि अप्पांना घेऊन जातो म्हणाला. ते रीतीला धरूनच होतं. एक मुलगा असताना दुसऱ्याच्या विधवेकडे म्हाताऱ्याने का राहायचं, असं नातेवाईकही म्हणत होते. अप्पा म्हणाले, त्याची बोट तेवढी पुरी करतो, मग येतो.

मला हायसं वाटलं, आणि लगेच भीतीही. बोट पुरी झाली की अप्पा जाणार. त्यांनी जाऊ नये असं मला फार वाटत होतं. पण ते कोणत्या हक्काने म्हणायचं, हे मला उमगत नव्हतं.

आम्ही कामाला लागलो. आम्ही पठारावरची माणसं. लाकूड म्हणजे आमच्या लेखी दार, खिडकी, दिवाण. बोट इतकी उन्हात वाळली होती की फळ्यांमधल्या फटींतून पलीकडचा उजेड दिसायचा. त्या फटी आम्ही दाराच्या भरतात तशाच लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरल्या, घासल्या, गुळगुळीत केल्या. बोट देखणी दिसू लागली. मग एके दिवशी ग्रंथालयातून आणलेल्या एका पुस्तकात मी वाचलं, की लाकूड पाण्यात फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. आधीच त्या कडक लांबीने भरल्या तर फुगायला जागा न मिळून फळ्या वाकतात. मी तो मजकूर अप्पांना मोठ्याने वाचून दाखवला. ते हसले. तो गेल्यानंतर मी त्यांना हसताना पहिल्यांदाच बघत होते. कुदळीचा दांडा ढिला झाला की रात्रभर पाण्यात टाकतात, तेच हे, म्हणाले. आणि जन्मभर कुदळ वापरून आपल्याला ते सुचलं नाही, याची त्यांना गंमत वाटत राहिली.

मग भरलेली सगळी लांबी पटाशीने खरवडून काढली. फटींत तेलात भिजवलेली सुताची वात ठोकून बसवली. शेजाऱ्यांच्या मदतीने बोट सुलटी करून ठोकळ्यांवर ठेवली आणि आत पाणी ओतू लागलो. पाणी तरी कुठलं? आमच्याकडे टँकर. म्हणून आरओचं वाया जाणारं, तांदूळ धुतलेलं, कपडे खळबळलेलं, सगळं बादल्यांनी बोटीत. वरून ओली गोणपाटं. संध्याकाळपर्यंत सगळं गळून जायचं.

शेजारची कानडी बाई गच्चीवरून कपडे काढताना आमच्याकडे बघायची. तिचं मराठी आमच्याकडेच शिकलेलं.

"अक्का, बोटीतलं पाणी लोक बाहेर काढतात," ती एकदा म्हणाली. "तुम्ही दोघं स्वल्प उलटे आहात."

त्या कामात आम्ही बोलायला लागलो. आधी बादलीपुरतं, मग त्याच्याविषयी. लहानपणी तो विहिरीला किती घाबरायचा, हे मला अप्पांकडून तेव्हा कळलं.

हळूहळू गळती कमी झाली. दीर दर रविवारी फोन करून विचारायचा, बोट झाली का? अप्पा सांगायचे, अजून गळतेय. आणि खरोखरच रोज सकाळी पाणी चार बोटं उतरलेलं असायचं. बोटीखालची जमीन मात्र कोरडी असायची. उन्हाने वाळत असेल, असं मी धरून चालले होते.

एका पहाटे मी चहा टाकायला उठले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. अप्पा बोटीपाशी वाकून उभे होते. मगाने पाणी काढत होते आणि नेऊन कढीपत्त्याच्या झाडाला घालत होते. सावकाश, आवाज न करता. काठावर ओली रेघ उमटली होती, ती त्यांनी पंच्याने पुसली.

मी गॅस बंद केला आणि मागचं दार उघडलं. ते हातातल्या मगासकट तसेच उभे राहिले.

"झाडाला पाणी कमी पडतंय," ते म्हणाले.

मी पायरीवरच थांबले. आता सांगायला आमच्या मध्ये कुणी नव्हतं.

"अप्पा, बोट झाली तरी जाऊ नका."

त्यांनी मगातलं उरलेलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं.

"त्याला काय सांगायचं? बेळगावला?"

"मी सांगते."

त्यांनी पंचा खांद्यावर टाकला. बोटीच्या तळाला हात लावून एकेक फट चाचपत पार टोकापर्यंत गेले आणि परत आले.

"मग आज हे सगळं पाणी काढू," ते म्हणाले. "कवाच फुगलीया ती. आणि ठेवलं तर कुजंल."

मी आत जाऊन दुसरा मग घेऊन आले.