गुडघा आणि समोरची खिडकी

माझा डावा गुडघा बदलला, पण काढलेला जुना मला कुणी दाखवला नाही, ही माझी पहिली तक्रार. जन्मभर वापरलेली वस्तू, निदान शेवटची बघू तर द्याल! डॉक्टर म्हणाले, "आजी, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं." बघण्यासारखं काय असतं, ते माझं मी ठरवते.

दुसरी तक्रार अशी की नवा गुडघा वाकेना. टाके सुकले, काठी सुटली, तरी मी खुर्चीत बसले की पाय समोर पसरलेला. घरातले सगळे येता-जाता त्याला अडखळायचे आणि वर माझ्याकडेच रागाने बघायचे. तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी सांगून टाकलं: पुढच्या खेपेपर्यंत काटकोनात वाकला नाही, तर पुन्हा भूल देऊन टेबलावर घ्यायचं आणि हाताने वाकवायचा.

मी चौथीपर्यंतच शिकले, पण काटकोन मला कळतो. आणि भूलही कळते. पहिल्या भुलीतून उठताना मी माझ्या सासूबद्दल मनात होतं ते सगळं मोठ्याने सांगितलं, असं नर्स म्हणाली. सासूचं आता सांगून झालं होतं. पुढचा नंबर सुनेचा होता, आणि सून दाराबाहेरच बसलेली असणार. म्हातारपणी मला तिच्या हातचं जेवायचंय. त्या टेबलावर पुन्हा चढायचं नाही, हे मी तिथेच ठरवलं.

मग स्वाती यायला लागली. व्यायाम करून घेणारी मुलगी. गंगापूर रोडवरून स्कुटीवर यायची, गोड बोलायची आणि तितक्याच गोडीने पाय मागे दाबायची. तिचा हात लागायच्या आधीच माझा पाय ताठ व्हायचा.

"आजी, पाय सैल सोडा."

"सोडलाय की."

"हा सैल आहे? गुडघा अडलेला नाही आजी, तुम्ही अडवताय."

तिने एक व्यायाम दिला. खाटेच्या काठावर बसायचं, खाली गुळगुळीत फळी ठेवायची, तिच्यावर पावडर टाकायची आणि पाऊल घसरवत मागे खाटेखाली न्यायचं. आता आमच्या घरात गुळगुळीत फळी एकच: आमच्या ह्यांचा कॅरम. (रिटायर झाल्यापासून हे आणि ह्यांचे मित्र रोज दुपारी त्याच्याभोवती बसतात. दसऱ्याला त्या कॅरमची पूजा होते, चारही भोकांपाशी झेंडूचं फूल.)

"कॅरमला पाय लावणार तू?" हे म्हणाले.

"धुतलाय."

"कॅरम?"

"पाय."

दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग स्वतःच कॅरम आणून खाटेपुढे ठेवला, वाकून नमस्कार केला आणि माफी मागितली. कॅरमची. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून खेळायला मित्राकडे जायला लागले.

पावडर चांगली होती. पाऊल सरकायचं, पण एका जागी जाऊन जे अडायचं ते अडायचंच. स्वातीकडे दोन दांड्यांचं कोनमापक होतं. ते गुडघ्याला लावून ती रोज बघायची आणि "छान, आजी" म्हणायची. आकडा सांगायची नाही, त्यावरून मी समजायचं ते समजायची. तपासणी जवळ आली.

आणि एका दुपारी समोरच्या मंदाकडे पाहुणे आले. मंदाची मुलगी बघायला सिन्नरहून मुलगा येणार, हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. मला सांगितलं नव्हतं. का सांगितलं नसेल, मला कळत नाही.

मी व्यायामाला बसले होते. आमची खाट खिडकीशी, आणि मंदाची बैठकीची खोली खिडकीच्या बरोबर समोर. पण माझ्या जागेवरून मुलाचे फक्त बूट दिसत होते. बुटांवरून माणूस कळत नाही. मी जरा पुढे सरकले. शर्ट दिसला. आणखी सरकले. हातात पोह्यांची बशी, पण खात नव्हता! का खात नसेल? पोहे तिखट झाले, की मुलगी पसंत नाही? मी आणखी पुढे झाले. कान दिसला. आता राहिलं नाक, आणि नाक बघितल्याशिवाय मला मत देता येत नाही. खिडकीचा गज धरून मी पुढे सरकले, आणि गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. खाली बघितलं, तर माझं पाऊल जागेवर नाही. पार खाटेखाली गेलेलं.

मी खाटेच्या अगदी कडेला. मागे सरकता येईना, पुढे सरकले तर सरळ कॅरमवर. मी "अहो!" म्हणून ओरडले. हे मित्राकडे. ऐकू गेलं ते समोर.

आधी मुलगा धावत आला. मागून मंदा, तिच्यामागे हातात चहाचा ट्रे तसाच घेऊन मुलगी. ट्रे मंदाकडे देऊन मुलीने एक दंड धरला, मुलाने दुसरा, आणि दोघांनी मला उचलून मागे बसवलं. (नाक चांगलं होतं.) सगळ्यांत शेवटी मुलाचे वडील आले, गुडघ्यावर हात ठेवत, एकेक पाऊल टाकत.

"ताई, गुडघा बदललाय ना? मला पण सांगितलंय डॉक्टरनं. लय दुखतं का?"

"दुखतं. आत्ता ऐकलंत ना."

"आणि वाकतो किती?"

"वाकतच नाही."

"नाय कसा? आता तर पाय पार खाटेखाली होता."

मला स्वतःलाच बघायचं होतं, म्हणून मी पाऊल कॅरमवर ठेवलं आणि मागे सरकवलं. दुखलं, पण गेलं. सगळे खाली वाकून बघत होते, पाहुणे खुर्ची ओढून बसले, आणि मुलीचा कार्यक्रम राहिला बाजूला. तेवढ्यात स्वाती आली. दारात गर्दी बघून ती घाबरली, मग कोनमापक काढून मोजलं आणि पुन्हा मोजलं.

"काटकोनाच्या पुढे! आजी, काय केलंत काय?"

मी पायावरची पावडर झटकायला लागले.

"आमच्या घरात डोकावत होत्या," मंदा म्हणाली.

मंदाकडचे पोहे मग आमच्याकडेच आले. पाहुणे मला गुडघ्याचं विचारत बसले, मी सांगत बसले, आणि मुलगा-मुलगी गॅलरीत बोलत उभी राहिली. त्यांचं पुढे जमलं. मंदा मात्र अजून म्हणते की माझ्यामुळे मोडता मोडता राहिलं.

तपासणीला डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि खूश झाले. भुलीची गरज नाही म्हणाले. कोणत्या व्यायामाने फरक पडला, असं त्यांनी विचारलं. सोबत आलेल्या स्वातीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढे सरकून बसायच्या."

आता उजवा गुडघाही बदलायला झालाय. डॉक्टर म्हणतात, तारीख द्या. सूनही मागे लागली आहे. पण माझीच हिंमत होत नाही. मंदाने खिडकीला जाड पडदे लावलेत.