ओल्या बारदानाचा अर्ज

परवा शेजारची मुलगी आली. तिला संभाजीनगरच्या एका कंपनीत नोकरीसाठी अर्ज करायचा होता आणि सोबत स्वतःविषयीचं एक पानी पत्र जोडायचं होतं. "सर, तुमी बाईंना दिलतं ना लिहून, तसंच मला द्या," ती म्हणाली.

बाई म्हणजे माझी पत्नी. या उन्हाळ्यात ती गेली. तेव्हापासून आमच्या घरी येणारा प्रत्येक जण तिच्याविषयी दबक्या आवाजात बोलतो. ही मुलगी मात्र उंबऱ्यातूनच मोठ्यानं बोलली आणि मला बरं वाटलं. मी तिला बसवलं आणि त्या पत्राची हकीकत सांगितली.

आमच्या लग्नाला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गाव दिंद्रुडच्या अलीकडचं, पाऊस सलग हुकलेला, माजलगावच्या धरणाच्या पोटातून लोक मोटरसायकली घालत होते. माझी शाळा विनाअनुदानित. शिकवल्याचं समाधान दर महिन्याला मिळे, पगार मिळत नसे. पुण्यात मेहुण्यानं माझ्यासाठी एका गोदामात काम बघून ठेवलं होतं. जूनपर्यंत इथं काही जमलं नाही तर जायचं, असं ठरलं. मी माझी पुस्तकं एका पत्र्याच्या ट्रंकेत भरून टाकली. पत्नीला मात्र गाव सोडायचं नव्हतं. ती भांडली नाही, फक्त रोज ट्रंकेवरची धूळ पुसायची आणि म्हणायची, "हिला बी घरात ऱ्हायचंय वाटतं."

त्याच सुमारास बातमी आली की माजलगावची एक महिलांची सहकारी दूध संस्था आमच्या गावात संकलन केंद्र काढणार आहे. केंद्र चालवायला गावातलीच बारावी झालेली बाई हवी. आपण या कामाला योग्य का, हे स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं होतं.

गावाचे अर्ज मीच लिहायचो, त्यामुळे मला हे अगदीच सोपं वाटलं. टँकर हवा, अर्ज. चारा छावणीत म्हैस बांधायची, अर्ज. हाताला मजकूर पाठ झाला होता. तिला उतरवून घ्यायला संध्याकाळी ओसरीवर बसून मी एका दमात लिहून काढलं : 'सविनय विनंती की, अर्जदार अत्यंत गरीब कुटुंबातील असून, सततच्या दुष्काळामुळे विहीर कोरडी पडली आहे. घरात वृद्ध व आजारी सासू आहे...'

आई शेजारी हुलगे निवडत होती. नुकत्याच दोन भरल्या घागरी घेऊन ती टँकरवरून आली होती. ती म्हणाली, "माझे गुडघे लिही. गुडघ्याला लई मान हाय कचेरीत."

मी गुडघे लिहिले. पत्नीनं कागद घेतला, उभ्यानंच वाचला आणि हसत खाली बसली. "अहो, हे वाचून मला नोकरी न्हाई, टँकर मिळंल."

"मग काय लिहायचं?" आई म्हणाली. "आपल्याकडं दुसरं हाय काय?"

"आत्याबाई, आपण मागायला न्हाई चाललो. कामाला चाललोय."

मी दुसरा कागद घेतला. या वेळी माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. 'बालपणापासूनच मला दुग्धव्यवसायाची नितांत आवड असून...'

"कवा होती?" ती म्हणाली. "लग्नाच्या आदी मी म्हशीला भ्यायची. तुमच्या म्हशीला तर अजून भ्यायते." मग आईकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, नितांत म्हंजे लई का हो?"

तो कागदही चुलीत गेला.

दुसऱ्या दिवशी मी छावणीवर गेलो. आमची म्हैस तिथंच होती आणि पत्नी पहाटेपासून तिथंच असायची. टेम्पोवाला दूध भरत होता. ऊन चांगलंच चढलं होतं. त्यानं पलीकडच्या रांगेतले दोन कॅन हुंगून बाजूला सारले. दूध नासलं होतं. आमच्या दावणीपाशी मात्र तो थांबलाही नाही, सरळ उचलून गाडीत ठेवू लागला.

"सर, हितलं दूध मी डोळे झाकून घेतो," तो म्हणाला. "तुमच्या मालकीणबाईंचा कारभार हाय."

कॅन बाभळीखाली ओळीनं उभे होते आणि प्रत्येकाला पेंडीच्या पोत्याचं ओलं बारदान गुंडाळलेलं होतं.

मी तिला विचारलं, "हे का सांगितलं नाहीस?"

"यात सांगायसारखं काय हाय? ओलं पोतं हाय."

"पण पाणी कुठून आणलंस?"

"ढोरं पिऊन गेली की हौदाच्या तळाला ऱ्हातं ना, ते. शेणानं भरलेलं आसतं. पोत्याला काय त्याचं?"

आम्ही तिथंच चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाढ्यांच्या भाऱ्यावर बसलो. मी विचारत गेलो, ती सांगत गेली, आणि माझ्या गुडघ्यावरचा कागद भरत गेला. पोती गुंडाळणं सोपं होतं म्हणे, भांडण सावलीचं होतं. प्रत्येकीला आपला कॅन बाभळीच्या बुंध्याशी हवा असायचा. मग हिनं ठरवलं, जिची धार आधी तिचा कॅन आधी. एका बाईनं हिच्याशी चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी सगळ्यांच्या आधी धार काढून हजर झाली. ते सगळं तिनं स्वतःच्या अक्षरात, साध्या वाक्यांत उतरवलं. शेवटी तिनं एक ओळ माझं न ऐकता घातली : 'दुधात पाणी किती हे दाखवणारी डिग्री मला यंत्रावर बघता येत नाही. शिकवल्यास शिकेन.'

घरी आईनं ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आपणच आपलं उणं सांगत्यात का बाई कुटं?"

"उद्या यंत्र हातात दिलं तर काय करू? न्हाई येत ते न्हाई येत."

आईचा कागदावर मुळीच भरवसा नव्हता. आमच्याकडं पुढाऱ्याच्या चिठ्ठीशिवाय शिपाईसुद्धा लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती त्या गुडघ्यांनीच दोन गावं पलीकडं चालत गेली आणि चिठ्ठी घेऊन आली.

मुलाखतीला ती माजलगावला गेली, त्या दिवशी मी गावच्या फाट्यावर थांबलो. आत काय झालं ते तिनंच नंतर सांगितलं, आणि पुढं आयुष्यभर, पाहुणे आले की सांगत राहिली. आलेल्या प्रत्येक बाईनं पदराची गाठ सोडून एकेक चिठ्ठी काढली. पुढारी तोच, सही तीच, मजकूरही तोच. संस्थेच्या अध्यक्षबाईंनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सारल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता टेबल बी नीट झालं. पत्रं काढा."

हिचं पत्र वाचून मुलाखतीला बसलेल्या दूध संघाच्या साहेबांनी भुवया चढवल्या. "ढोराच्या हौदातलं पाणी? दुधाला?"

"दुधाला न्हाई साहेब, पोत्याला. दूध कॅनच्या आत आसतं."

सगळे हसले. अध्यक्षबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "डिग्री येत न्हाई म्हणून लिहिलंय तुमी."

"न्हाई येत."

"मग सोमवारपासून शिकायला या. उशीर करू नका, आमच्याकडं सावली कमी हाय."

मी फाट्यावर सायकलला टेकून उभा होतो. एसट्या येत होत्या, ती उतरत नव्हती. शेवटी तोच दुधाचा टेम्पो आला, मागं रिकामे कॅन खणखणत होते, आणि ही पुढं ड्रायव्हरशेजारी ऐटीत बसली होती. टेम्पो पुरता थांबायच्या आत तिनं ओरडून सांगितलं, "अहो, घरी चला आन् ती ट्रंक रिकामी करा!"

आईनं मात्र शेवटपर्यंत नोकरीचं श्रेय चिठ्ठीलाच दिलं. पत्नीनंही तिला टेबलाच्या पायाची गोष्ट कधी सांगितली नाही; पाहुण्यांना ती गोष्ट आई देवळात गेल्यावरच सांगायची.

एवढं ऐकून शेजारची मुलगी बराच वेळ हसत होती. मग तिनं पेन उघडलं. "सर, पण मला इंग्रजीत फोनवर नीट बोलता येत न्हाई. त्यांनी तर तेच मागितलंय."

"लिही की तसं. आणि तुला काय येतं, ते आधी मला सांग."

ती सांगू लागली. गेल्या वर्षी गणपतीत वर्गणी न देणाऱ्या घरांतून तिनं वर्गणी कशी काढली, तिथून सुरुवात झाली. मध्येच थांबून तिनं विचारलं, "सर, ती ट्रंक हाय का आजून?"

"तू बसलीस तीच."

ती चटकन उठली आणि तिनं झाकण उचलून बघितलं. पुस्तकं त्या दिवशी बाहेर आली ती पुन्हा आत गेलीच नाहीत. आत बारदानं होती, केंद्रावरची, धुऊन घडी घातलेली. पुढच्या उन्हाळ्यासाठी पत्नीनं ठेवलेली.

मुलीनं झाकण हळूच लावलं, परत वर बसली, आणि आम्ही वर्गणीपासून पुढं लिहायला घेतलं.