मशीन गेमनं नाही जळली

"हे पोट्टी गेम खेळते. म्हणून मशीन जळली."

अध्यक्ष साहेब हे बोलले तेव्हा सोसायटीच्या ओसरीवर वीस-पंचवीस माणसं सातबारा घेऊन उभी होती. माझ्या बापाच्या वयाची. दिवाळीनंतर धान खरेदी सुरू होणार, यादीत आपलं नाव आहे का नाही ते पाहायला आलेली. सगळ्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. एक म्हातारा म्हणाला, "पोरीची जात असून गेम?" दुसरा हसला. मी टेबलामागं बसली होती, समोर सोसायटीच्या कम्प्युटरची बंद मशीन. मी मान खाली घातली. काऊन घातली ते आजही मले समजत नाही. चूक माझी नव्हती.

दोन हजार अकराची गोष्ट. मी ढिवराची. बाप नवेगाव बांधच्या तलावात जाळं टाके, माय डोक्यावर टोपलं घेऊन गावोगाव मासे विके. बारावी झाली, टायपिंग झालं, अन् गावच्या सोसायटीत ऑपरेटर म्हणून लागली. ऑर्डर नाही, काही नाही, तोंडी नोकरी. अध्यक्ष जुन्या मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, घरचे. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसणारी आमच्या मोहल्ल्यातली मी पहिली. त्यांले ते खुपे, पण मशीन दुसऱ्या कोणाले चालवता येत नव्हती.

अन् गेम? हो, खेळत होती. दुपारच्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, पंधरा-वीस मिनिटं. पत्त्यांचा, नाहीतर रंगीत गोळे फोडायचा. चोरून नाही, सगळ्यांसमोर.

लहानपणी बापानं गोंदियाच्या बाजारातून टीव्हीले लावायचा गेम आणला होता, कॅसेटवाला. तेव्हापासून हा गेमचा ठपका माझ्या मागं लागला. गणितात नापास झाली, गुरुजी म्हणाले, गेममुळं. पुढच्या वर्षी पास झाली, तर म्हणाले, कॉपी केली असन. चष्मा लागला, गेममुळं. पाहुणे पोरगी पाहून गेले अन् निरोप आला नाही, तर आत्या म्हणाली, गेम खेळणाऱ्या पोरीले कोण करते? मले टायफाईड झाला तेव्हा शेजारीण मायले सांगून गेली, त्या टीव्हीसमोर बसून बसून झाला. टायफाईड! ऐकून ऐकून कान किटले होते माझे. भांडायचीही ताकद राहिली नव्हती.

गेम अध्यक्षांचा पोरगाही खेळे. नागपूरले इंजिनिअरिंगले होता. सुट्टीत गावाले आला का सोसायटीत येऊन माझ्या खुर्चीवर बसे, गाड्यांची रेस लावे, अन् दिवे लागेपर्यंत उठत नसे. मी बाजूले उभी. काम पडून राहे. सचिव त्याच्यासाठी चहा मागवत अन् आलेल्या माणसांले कौतुकानं सांगत, "पोरगं कम्प्युटरमधी लय हुशार हाय." मशीन तीच, माउस तोच. त्यानं हात लावला का हुशारी, मी लावला का नाद.

आता मशीन जळली कशी, ते सांगते. दसऱ्याले आमच्याकडे ज्याच्यावर पोट चालते त्याची पूजा होते. ट्रॅक्टरची होते, धानाच्या काट्याची होते, माझा बाप जाळ्याची करे. सोसायटीत मशीनची. मी सकाळी जाऊन पुसली, झेंडूचा हार घातला. साहेब म्हणाले, मशीन चालू ठेव, स्क्रीनवर देवीचा फोटो लाव. लावला. साहेबांनी स्क्रीनले कुंकू लावलं, खाली फरशीवर ठेवलेल्या सीपीयूच्या डब्याले लावलं. अन् नारळ हातात घेतला.

मी म्हटली, "साहेब, नारळ बाहेर पायरीवर फोडा न."

सचिवांनी डोळे वटारले. साहेबांले ऐकू गेलं नाही, का ऐकायचं नव्हतं, देव जाणे. डब्याच्या बाजूलेच त्यांनी नारळ हाणला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला अन् पाणी सरळ डब्याच्या जाळीत गेलं. फट् झालं. स्क्रीन काळी.

"लाईट गेली," साहेब म्हणाले.

वर पंखा फिरत होता. वर कोणी पाहिलंच नाही. मग खोबरं वाटलं. मीही खाल्लं.

तीन दिवसांनी गोंदियावरून मेकॅनिक आला. सचिवांनी तो बसायच्या आधीच त्याले विचारलं, गेम खेळून जळली असन न? त्यानं डब्बा उघडला. आत मुंग्या. त्यानं बोट फिरवलं, बोट चिकटलं. म्हणाला, "इसमें नारियल का पानी गया है. गेम-वेम से कुछ नहीं होता." यादी गेली होती, वापस येणार नव्हती. त्याले चहासुद्धा न पाजता सचिवांनी रवाना केलं. अन् दुसऱ्याच दिवशी साहेब ओसरीवर येऊन ते बोलले, जे मी सुरुवातीले सांगितलं.

लोक गेल्यावर सचिवांनी मले मागं गोदामात बोलावलं. आवाज एकदम मऊ. समजावू लागले, का साहेबांच्या हातून पूजेत मशीन जळली असं गावात पसरलं तर लोक अपशकुन म्हणतील. हंगाम तोंडावर आहे, सोसायटीची निवडणूक आहे. मग म्हणाले, "तू तशीही खेळतच असतेस. तुझ्यावर खपून जाते."

खपून जाते. मी रोज सकाळी साडेदहाले येई, झाडू मारी, यादी लिही, त्या पोराले खुर्ची देई. अन् माझा उपयोग काय, तर माझ्यावर खपून जाते.

त्यांनी हातानं लिहिलेला कागद दिला. "मी कार्यालयीन वेळेत गेम खेळल्यामुळे संगणक नादुरुस्त झाला. यापुढे गेम खेळणार नाही. मला माफी असावी." सही केली तर नोकरी राहीन, नाही तर नाही.

घरी मायले वाचून दाखवला. माय मासे कापत बसली होती. म्हणाली, "सही करून टाक न वो बाई. कागदानं का अंग जळते?" मायचं चुकलं नाही. तिनं जन्मभर असंच निभावलं. मी पेन घेतलाही. मग ठेवला. मग अजून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी सचिवांले म्हटली, पहिलं वाक्य काढा, सही करीनच असं म्हणत नाही, पण आधी ते काढा. ते लगेच तयार झाले. इतके लगेच, का मले कळलं, त्यांले फक्त माझी मान वाकलेली पाहिजे होती. म्हणाले, "बरं, खोडतो. पुढं खेळणार नाही, एवढं तरी लिही."

एवढं तर सोपं होतं. नाही खेळली तर काय मरणार होती? पण तोंडातून निघून गेलं, "मग साहेबांच्या पोरानंही लिहून द्यावं."

सचिव हसले. "त्याची गोष्ट वेगळी हाय."

"कायची वेगळी?"

 त्यांनी ते सांगायची गरजच नव्हती. माझ्या घराले मासोळीचा वास येते, ते वेगळं.

तेव्हा मले माझीच लाज वाटली. आजवर जो विचारे त्याले मी सांगत आली होती, का गेमनं माझी बोटं चालू लागली, इंग्रजी अक्षरं समजली. खोटं नव्हतं ते. पण कायले सांगत होती? त्या पोरानं कधी कोणाले कारण सांगितलं? त्याले आवडे, तो खेळे. मलेही आवडते. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहून डोकं भणभणते, वीस मिनिटं बरं वाटते. बस, इतकंच.

मी कोरा कागद घेतला. लिहिलं, "मी गेम खेळते. जेवणाच्या सुट्टीत खेळते. संगणक दसऱ्याच्या पूजेत नारळाचे पाणी गेल्यामुळे बंद पडला." सही केली. आवक रजिस्टर माझ्याच ताब्यात राहे. त्यात कागद चढवला, नंबर टाकला, शिक्का मारला. मग ओसरीवर जाऊन उभ्या माणसांपुढं मोठ्यानं वाचला.

सचिव मागून धावत आले. "फाड तो कागद."

"आवकमधी चढलेला कागद फाडता येत नाही, बाबूजी. तुम्हीच शिकवलं."

ओसरीवर कोणी शाबास म्हटलं नाही. तोच म्हातारा पुढं झाला अन् म्हणाला, "मंग आमच्या नावाचं कसं?" मी त्याचा सातबारा घेतला अन् कागदावर हातानं यादी लिहायला बसली. संध्याकाळी पाच वाजता सचिवांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

दोन महिने घरी होती. मोहल्ल्यातले म्हणत, गेमपायी नोकरी गेली. मग कोहमाऱ्याले एका झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. पहिल्याच दिवशी मालकानं मशीन दाखवली अन् विचारलं, "गेम-बिम तर नाही खेळत न?"

"खेळते," मी म्हटली. "सुट्टीत. मशीन बिघडली तर आधी उघडून पाहाजा, मग माझं नाव घेजा."